गोलमागचा ऊस

दौंडच्या मैदानावर तेजश्रीने दोन गोल मारले आणि दोन्ही नाकारले गेले. दोन्ही वेळा कडेच्या माणसाने झेंडा वर केला. दोन्ही वेळा तेजश्री हात पसरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तो एकच शब्द बोलला, "ऑफसाईड." राहू गावच्या मुली सामना हरल्या. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तेजश्री खिडकीला डोकं टेकून रडत होती.

"मी कुणाला ढकललं न्हाई, हात लावला न्हाई. मंग गुन्हा काय केला मी?"

पुढच्या सीटवर बसलेल्या सुषमा मॅडम मागे वळल्या. त्या शाळेत खेळ शिकवायला तात्पुरत्या लागल्या होत्या. शिरूरच्या कॉलेजात असताना फुटबॉल खेळलेल्या. खो-खोच्या मुलींमधून त्यांनी ही टीम उभी केली होती. पळणं, मारणं, अडवणं एवढं शिकवून झालं होतं. हा एक नियम पुढे सावकाश सांगू म्हणून राहून गेला होता.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. "गुन्हा काही नाही तुझा. चुकीच्या वेळी चुकीच्या जागी होतीस, एवढंच."

शाळेचं मैदान लांबोडकं होतं. दक्षिणेचा गोल रस्त्याच्या बाजूला, आणि उत्तरेचा गोल हरिबा आबांच्या उसाला लागून. गोलच्या मागे नदीवरच्या मासेमारांकडून आणलेली जुनी जाळी बांधली होती, तिच्यामागे माणूस जेमतेम आडवा चालेल एवढी वाट, आणि मग लगेच ऊस. डिसेंबर लागला होता. ऊस डोक्याच्या कितीतरी वर गेला होता आणि तोडणीची टोळी अजून आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडमनी मुलींच्या चपला ओळीने मांडल्या.

"ह्या समोरच्या टीमच्या बॅक. ही त्यांची गोलकीपर. आता तेजू, तू इथं. बॉल मागून तुझ्याकडं येणार. पास सुटला त्या क्षणी तुझ्या आणि गोलच्या रेषेच्या मध्ये समोरच्यांच्या निदान दोघी पाहिजेत. गोलकीपर धरून दोघी. एकच असली की तू ऑफसाईड. बॅकच्या बरोबरीत असलीस तर चालतं."

"पण बॉल माझ्याकडं आला तवा त्यांच्या दोघीतिघी मागं पळत आल्या व्हत्या!"

"बॉल आला तेव्हाचं कुणी विचारत नाही. सुटला तेव्हा कुठं होतीस?"

तेजश्रीने आठवून पाहिलं. चपलांकडे बघत राहिली. तिला पटलं नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं.

बोलली ती दीक्षा. दीक्षा या टीमची गोलकीपर, आठवीतली, अंगाने बारीक, पण बॉलवर झेप घालायला न घाबरणारी. तिची आई ताईबाई गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर कामाला होती.

"मॅडम, गोलकी तर कायम मागंच असती," दीक्षा सावकाश म्हणाली. "म्हंजी एक ती झालीच. मंग खरी लाइन म्हंजी शेवटची बॅक जिथं असंल तिथं."

"बरोबर."

"मंग आपल्या बॅकच पुढं सरकल्या तर? पास सुटायच्या जरा आधी? त्यांची पोरगी जागच्या जागी ऑफसाईड व्हईल की."

सुषमा मॅडम हसल्या. हे त्या आणखी महिनाभराने शिकवणार होत्या. त्यांनी चार चपला उचलल्या आणि एका झटक्यात पुढे सरकवल्या. समोरच्या टीमची खेळाडू म्हणून ठेवलेली चप्पल एकटीच मागे राहिली. तिच्याही मागे, रेषेजवळ, गोलकीपरची चप्पल.

आता तेजश्रीलाही कळलं. "आयला!" ती ओरडली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

मॅडमनी तेजश्रीला पुढून काढून बॅकच्या मध्यावर आणलं. लाइन तिने सांभाळायची, आणि हाक द्यायची दीक्षाने, कारण गोलमधून सगळं मैदान दिसतं. दीक्षाने "वर!" म्हटलं की चारही मुलींनी एका दमात पुढे पळायचं. सुरुवातीला एखादी मागे रेंगाळायची आणि सगळं फिसकटायचं. मग हळूहळू जमत गेलं. दीक्षाची हाक आली की चौघी एका दोरीला बांधल्यासारख्या सुटायच्या, आणि पुढे खेळणाऱ्या मुली झेंड्याकडे बघत हात आपटायच्या. मॅडम इतक्या खूश होत्या की रोज तेच करून घ्यायच्या.

लाइन वर गेली की दीक्षा मागे एकटी राहायची.

त्याच आठवड्यात हरिबा आबांचा कुत्रा गेला. नुसती साखळी राहिली, तीही तुटलेली. मग भामाबाईची शेळी गेली, दिवसाढवळ्या, बांधावरून. कॅनॉलच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. वन खात्याच्या माणसांनी उसाच्या पलीकडच्या अंगाला, कॅनॉलजवळ, पिंजरा आणून लावला. आतल्या कप्प्यात एक करडू ठेवलं. शाळेत येऊन त्यांनी मुलांना सांगितलं, बिबट्या समोर आला तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. हात वर करायचे, मोठं दिसायचं, ओरडायचं, तोंड त्याच्याकडे ठेवून मागं सरायचं. हेडमास्तरांनी सांगितलं, पाचच्या आत सगळ्यांनी घरी.

करडू दिवसभर ओरडायचं. मैदानावर त्याचा आवाज उसातून गाळून आल्यासारखा यायचा. पहिले दोन-तीन दिवस मुली कावऱ्याबावऱ्या झाल्या, मग सवय झाली. एका दुपारी मात्र दीक्षाच्या ध्यानात आलं की करडू ओरडत नाहीये.

तिने मागे वळून पाहिलं. ऊस उभा होता. वारा नव्हता. जाळीमागची पाती एका जागी जराशी हलली आणि थांबली.

"दीक्षा! बॉलकडं बघ!" मॅडम ओरडल्या. बॉल तिच्या बाजूने गोलमध्ये गेला होता.

त्या दिवशी तिने आणखी दोन गोल खाल्ले. मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "काय झालंय तुला?"

दीक्षा पायाने रेषेची पांढरी फक्की उकरत राहिली. सांगितलं तर खेळ बंद होईल, याची तिला जास्त भीती होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, त्या सगळ्या वर जात्यात ना, तवा माझ्या मागं कुणीतरी बसल्यासारखं वाटतं."

मॅडम गोलकडे गेल्या. जाळीच्या मागे वाकून पाहिलं. उसाच्या पहिल्या दोन सऱ्यांच्या आत पाचट दाबलं गेलं होतं, जनावर बराच वेळ बसून असल्यासारखं. उग्र वास येत होता. आणि तिथंच त्यांचा मागच्या आठवड्यात उसात गेलेला, शोधूनही न सापडलेला बॉल पडला होता. त्याची हवा गेली होती. मॅडमनी तो उचलला, भोकांवरून अंगठा फिरवला, आणि मुलींना दिसू नये म्हणून जॅकेटखाली धरून त्या परत आल्या.

"आजचा खेळ झाला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी एकत्र चालायचं. रस्त्यापर्यंत मी येते."

दुसऱ्या दिवसापासून सराव फक्त रस्त्याच्या बाजूच्या गोलवर होऊ लागला. वन खात्याच्या माणसाने येऊन बॉल पाहिला, फोटो काढले, पिंजरा आणखी अलीकडे आणतो म्हणाला आणि गेला. पिंजरा कॅनॉलजवळच राहिला.

पुढच्या आठवड्यात टोळी आली. पिंजऱ्याच्या बाजूने तोडणी सुरू झाली आणि मैदानाकडे सरकत आली. रोज थोडं आभाळ मोकळं व्हायचं. पलीकडचा कॅनॉल दिसायला लागला, मग पिंजरा, मग पिंजऱ्यातलं पांढरं करडू. गावाला हायसं वाटलं. केडगावच्या मुलींबरोबर मैत्रीचा सामना ठरला होता, तो पुढे ढकलायची गरज नाही असं हेडमास्तर म्हणाले. तोवर आबांचा सगळा ऊस निघालेला असेल.

सामन्याच्या दुपारी मॅडम मैदानावर आल्या तेव्हा आबांचं सगळं रान मोकळं होतं. फक्त गोलच्या मागे उसाचा एक पट्टा उभा होता.

हरिबा आबा बांधावर बसले होते. "आबा, एवढाच कसा राहिला?"

"गाडी भरली, मॅडम. टोळी आजच्यापुरती गेली. एवढं उद्या सकाळी उरकतील."

"आत काही असेल तर?"

"असतं तर कवाच पळालं असतं. चार दिस कोयता चालतोय."

पण आबांनाही खात्री नव्हती. बोलताना त्यांचा डोळा पट्ट्यावर होता. केडगावचा टेम्पो तोवर येऊन थांबला होता, मुली खाली उतरून पाय मोकळे करत होत्या. मॅडमनी चार बाप्यांना काठ्या आणि पत्र्याचे डबे घेऊन गोलच्या मागे उभं केलं. फटाक्यांची माळ लावली. धूर उसावरून गेला. काही हललं नाही. मग शिट्टी झाली.

नाणेफेकीत राहूच्या वाट्याला उत्तरेचा गोल आला. दीक्षा हातमोजे ओढत तिकडे निघाली. तेजश्री तिच्याबरोबर थोडी चालली. "भिऊ नको, मागं माणसं हायती."

माणसं होती. पण राहूच्या मुली त्या दिवशी जोरात होत्या. बॉल सारखा केडगावच्या गोलकडेच जात होता, आणि खेळ बघता बघता काठीवाली माणसं कडेकडेने तिकडे सरकत गेली. कुणी ठरवून गेलं नाही. एक गेला, त्याला बोलायला दुसरा गेला. राहूने पहिला गोल मारला तेव्हा चौघेही रस्त्याच्या बाजूला टाळ्या वाजवत होते.

दीक्षाला ते दिसलं. तिने हाक मारली, पण आरडाओरड्यात ती पोचली नाही.

केडगावकडून सलोमी नावाची एक उंच मुलगी पुढे खेळत होती. ती बॅकच्या आसपास घुटमळत राहायची आणि पास आला की वाऱ्यासारखी सुटायची. केडगावच्या मुलीने मधून लांब पास मारायला पाय मागे घेतला. दीक्षाने सगळा जीव एकवटून हाक दिली, "वर!"

चौघी सुटल्या. लाइन अर्ध्या मैदानापर्यंत वर गेली. बॉल सुटला, सलोमी एकटी मागे राहिली, झेंडा वर झाला आणि शिट्टी वाजली. अगदी चपलांनी मांडलं होतं तसं. राहूच्या मुलींनी उड्या मारल्या आणि तोंड फिरवून पुढच्या किकची तयारी करायला लागल्या.

सलोमी आपल्याच वेगात बॉल घेऊन चार पावलं पुढे आली, आणि थांबली.

ती दीक्षाकडे बघत होती असं आधी वाटलं. पण तिची नजर दीक्षाच्या जराशी बाजूने जात होती. तिचं तोंड उघडं राहिलं. हात अंगापासून लांब झाले. बॉल तिच्या पायाजवळून घरंगळत गेला, तिने पाहिलंही नाही.

दीक्षाला आधी वास आला. मग मागे जाळी हलल्याचा बारीक आवाज झाला, काहीतरी जाळीला घासून गेल्यासारखा.

तोंड त्याच्याकडे ठेवायचं, असं सांगितलं होतं. पण तिला वळवेना. मान लाकडासारखी झाली होती. तिने फक्त दोन्ही हात वर केले, मोज्यांसकट, आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. सलोमीचे पाय वळायला लागलेले तिला दिसले.

"पळू नको," दीक्षा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "माझ्याकडं बघ. हात वर कर. मी येते."

सलोमीने हात वर केले. दीक्षा तिच्यापर्यंत पोचली, एका हाताने तिचं मनगट घट्ट धरलं, आणि मग ओरडली. ही हाक टीमने कधी घोटली नव्हती.

"तेजू! खाली! लाइन खाली!"

तेजश्री वळली. तिने पाहिलं. नंतर कुणी विचारलं तर ती सांगायची की मला काही आठवत नाही, आम्ही हाकेवर पळालो एवढंच. पण बघणाऱ्यांना आठवत होतं. तिने दोन्ही हात पसरले, बाजूच्या मुलींच्या खांद्यांना लावले, आणि चौघी एका ओळीत, घसा फाडून ओरडत, गोलच्या दिशेने आल्या. त्यांच्या मागून मॅडम पळत आल्या, त्यांना ओलांडून पुढे गेल्या. मग केडगावच्या मुली, मग काठ्या, डबे, सगळं मैदान.

तेव्हा कुठे दीक्षाने मागे पाहिलं. जाळीच्या कडेने ठिपक्यांचं एक अंग सावकाश वळत होतं. घाई नव्हती त्याला. शेपटीचं टोक उसात गेलं आणि पाती पुन्हा सरळ उभी राहिली.

संध्याकाळच्या आत अर्धा गाव पट्ट्याभोवती जमला. वन खात्याची गाडी आली. पट्ट्याच्या कॅनॉलकडच्या तोंडाशी पिंजरा आणून उघडा ठेवला, बाकी तिन्ही बाजूंनी ढोल, फटाके, डबे सुरू झाले, आणि अंधार पडायच्या आत पिंजऱ्याचं दार खाली पडल्याचा आवाज आला. लोकांनी मोबाईल वर धरले. हरिबा आबांनी हात जोडले. कुणीतरी दीक्षाला खांद्यावर उचलून घेतलं, ती उतरण्यासाठी धडपडत राहिली.

घरी ताईबाईने तिच्या पाठीवरून, मानेवरून हात फिरवून पाहिला. कुठे खरचटलेलंही नव्हतं, तरी पुन्हा पाहिलं. "बास झाला खेळ."

"आई, पकडलाय त्याला."

ताईबाईने दाराला आतून कडी घातली.

दहा-बारा दिवसांनी परतीचा सामना केडगावला झाला. स्टेशनजवळच्या त्या मैदानाला चारही बाजूंनी भिंत होती, म्हणूनच ताईबाईने दीक्षाला येऊ दिलं होतं, तरी ती सारखी मागे बघत होती. सामना बरोबरीत सुटला. पाणी प्यायला दीक्षा आणि सलोमी नळावर गेल्या तेव्हा सलोमीने विचारलं, "दुसऱ्याचं काय झालं?"

"कुठला दुसरा?"

सलोमी तिच्याकडे बघत राहिली. "तुझ्या मागं दोन होते. एक जाळीपाशी होता, जो सगळ्यांनी पाहिला. दुसरं उसाच्या तोंडाशी उभं होतं. मोठं. ते तुझ्याकडं बघत नव्हतं. माझ्याकडं बघत होतं, मी कधी पळते म्हणून."

"तू कुणाला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. टेम्पोत, घरी, सगळ्यांना. म्हणाले, घाबरल्यावर एकाचे दोन दिसतात."

परतताना दीक्षाने हे मॅडमना सांगितलं. मॅडमनी तिथल्या तिथे वन खात्याच्या माणसाला स्पीकरवर फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग तो म्हणाला, "पकडलेला लहानच होता, मॅडम. दीड-दोन वर्षांचा. ही असली पोरं आईच्या मागंमागंच असतात. गाव जमायच्या आत ती कॅनॉलकडं निसटली असेल." मॅडमनी फोन ठेवला. जीपमधल्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

गाडी शाळेपाशी आली तेव्हा मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती, अगदी उत्तरेच्या गोलपाशी. हरिबा आबांचं रान मोकळं होतं, पण त्याच टोकाला, मैदानाच्या लांब कडेने, भामाबाईचा ऊस होता आणि तो मार्चशिवाय निघणार नव्हता. मॅडम धावत गेल्या आणि पोरांना हाकललं. पोरांचे बाप संध्याकाळी शाळेत आले. पकडलाय ना, मग आता कशाला भीती घालता, असं म्हणाले. हेडमास्तर मान हलवत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरिबा आबा मॅडमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, चहा नको म्हणाले.

"वासरू नेलं. गोठ्यातनं. गोठा झाकलेला व्हता, मॅडम."

मैदान बंद झालं. टीमही मोडली असती, पण ताईबाईनेच गुऱ्हाळाच्या मालकाला विचारलं. तिथे चिपाडं वाळत घालायचं मोठं पटांगण होतं, माणसांचा दिवसभर राबता होता, भट्टीचा धूर होता. "खेळायचंच असंल तर माझ्या नजरंसमोर खेळ," ती दीक्षाला म्हणाली. गुळाच्या कढईखालच्या चुलाणावरचे युपीचे मजूर सुद्धा मदतीला लागले आणि पटांगणाचा एक भाग साफ झाला. बांबूचे दोन गोल उभे राहिले.

पहिल्याच दिवशी दीक्षाने मोजे काढून मॅडमच्या हातात दिले.

"मला लाइनीत घ्या, मॅडम."

मॅडमनी कारण विचारलं नाही. त्यांनी बाकीच्या मुलींकडे पाहिलं. कुणी पुढे आली नाही. सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. मग तेजश्रीने हात पुढे केला. मोजे तिला आखूड होत होते, बोटं आत जाईनात, तरी तिने ते ओढून चढवले आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिली. एकदा मागे पाहिलं. पटांगण संपायचं तिथून थोड्या अंतरावर ऊस सुरू होत होता. राहूत ऊस नाही अशी जागा शोधायची कुठे?

"मॅडम, मागं कोण बघंल?"

सुषमा मॅडमनी गळ्यातली शिट्टी काढून दीक्षाला दिली. गुऱ्हाळावरची एक काठी घेतली, गोलला वळसा घालून त्या मागे गेल्या आणि खेळाकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीमागे शिट्टी वाजली. बॉलचा आवाज झाला, मुली एकमेकींची नावं घेऊन ओरडल्या, आणि मग तेजश्रीची भसाडी हाक आली, "वर!"

पाय एकदम वाजले आणि लांब लांब गेले. मॅडमनी वळून पाहिलं नाही. समोर ऊस होता, दुपारच्या उन्हात अगदी स्थिर, आणि त्या एकेक सरी बघत होत्या.